गृहविज्ञानाच्या विद्यालयांचें ऋणस्मरण

विद्यादान करणाऱ्या बहुतेक संस्थांमध्यें वर्षांतून एकदां कृतज्ञतेचा समारंभ होतो. व्यासपीठावर शाली आणि श्रीफळें मांडलेलीं असतात. नांवलौकिक मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांचीं नांवें पुकारलीं जातात. देणगीदारांचे आभार मानले जातात. टाळ्या पडतात आणि मंडळी घरोघर जातात. गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांत हाच समारंभ भरला म्हणजे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या शास्त्राचें मुख्य कार्यक्षेत्र घर, आणि ज्याचें फळ चार भिंतींच्या आड पिकतें, त्या शास्त्राच्या संस्थेनें सन्मान कोणाचा करावा?

प्रथम हें शास्त्र कोणतें तें पाहिलें पाहिजे. गृहविज्ञान म्हणजे केवळ पाककला व शिवणकाम, अशी समजूत अद्यापि पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि आढळते. वस्तुतः अन्न व पोषण, वस्त्रशास्त्र, बालकाचा विकास, घराची व्यवस्था व अर्थकारण, आणि हें सर्व ज्ञान समाजांत पोंचविण्याचें विस्तारकार्य, अशा पांच शाखा त्यांत मोडतात. अमेरिकेंत ह्या शास्त्राचा पाया घालण्यांत एलन स्वॉलो रिचर्ड्स ह्यांचा वाटा फार मोठा. मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८७३ सालीं त्यांनीं तेथील पदवी मिळविली. रसायनशास्त्राच्या ह्या पंडितेनें पिण्याचें पाणी आणि बाजारांतील अन्न तपासण्याचें काम केलें, आणि प्रयोगशाळेंत जें कळलें तें स्वयंपाकघरांत पोंचलें पाहिजे असा आग्रह धरला. १८९९ सालीं लेक प्लॅसिड येथें भरलेल्या परिषदेंत ह्या विषयाला शास्त्राचें रूप येऊं लागलें.

त्याच सुमारास न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत एक लहानशी गोष्ट घडली. शेतकऱ्यांसाठीं पत्रद्वारा शिक्षण चालूं होतें. पण शेतकऱ्याच्या बायकोची वास्तपुस्त कोणी केली नव्हती. १९०० सालीं मार्था व्हॅन रेन्सेलर ह्या शिक्षिकेस त्या कामावर बोलाविण्यांत आलें. त्यांच्या पहिल्या पत्रिकेचा विषय होता पावलांची बचत. विहीर, चूल, कोठार आणि भांडीं ह्यांची मांडणी कशी केली असतां दिवसभराची पायपीट कमी होईल, हें त्यांत सांगितलें होतें. विषय दिसण्यांत क्षुल्लक. पण पहांटेपासून रात्रीपर्यंत उभें राहणाऱ्या बाईच्या दृष्टीनें तो आयुष्याचा प्रश्न होता. खेड्यापाड्यांतून स्त्रियांचीं पत्रें येऊं लागलीं, आणि ह्या पत्रव्यवहारांतूनच पुढें तो विभाग वाढला. त्या संस्थेचे पहिले आश्रयदाते धनिक नव्हते. त्या शेतघरांतील वाचक स्त्रिया होत्या.

१९०७ सालीं फ्लोरा रोझ ह्या आहारशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाल्या. १९११ सालीं ह्या दोघींना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां विद्यापीठाच्या अध्यापकवर्गानें मोठा चमत्कारिक ठराव केला. स्त्रियांना प्राध्यापक नेमणें सामान्यतः आम्हांस पसंत नाहीं, परंतु ह्या एका विभागापुरती हरकत घेत नाहीं, असा त्याचा आशय होता. मान मिळाला, पण तो असा हात आखडून! १९२५ सालीं त्या विभागाचें संस्थानाच्या मान्यतेचें स्वतंत्र महाविद्यालय झालें. १९३२ सालीं व्हॅन रेन्सेलरबाई वारल्या, आणि १९३३ सालीं उभ्या राहिलेल्या विशाल इमारतीस त्यांचें नांव देण्यांत आलें. त्याच वर्षीं मंदीनें गांजलेल्या अमेरिकेंत, ह्या महाविद्यालयाच्या आहारशास्त्रज्ञांनीं आंखून दिलेलें माणशीं साडेसात सेंटांचें जेवण राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीं वाढण्यांत आलें. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्या संस्थेच्या जुन्या स्नेही. त्यांनीं संस्थेचें ज्ञान स्वतःच्या ताटांत घेऊन जनतेपुढें ठेवलें. आश्रयदात्याचें कर्तव्य ह्याहून निराळें तें काय?

महाराष्ट्रांतील कथा ह्याहून कमी बोधप्रद नाहीं. धोंडो केशव कर्वे ह्यांच्या हातीं जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. १९०१ सालीं स्थापन झालेल्या त्या विद्यापीठांत गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. प्रथम ती पुस्तिका बाजूस पडून राहिली. परंतु १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षस्थान अण्णासाहेबांकडे आलें, तेव्हां भाषणाची तयारी करतांना त्यांना तिची आठवण झाली. पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, महिला विद्यापीठ निघालें. मातृभाषेंतून शिक्षण, आणि अभ्यासक्रमांत गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र ह्यांना मानाचें स्थान, हीं त्याचीं दोन वैशिष्ट्यें. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गांत विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच!

ह्या आरंभींच्या विद्यार्थिनींचें ऋण सहसा कोणी मोजीत नाहीं. त्या विद्यापीठाच्या पदवीस सरकारमान्यता नव्हती. ती १९५१ सालीं मिळाली. म्हणजे पस्तीस वर्षेंपर्यंत ज्या मुली तेथें शिकल्या, त्यांनीं बाजारांत न चालणारें नाणें विश्वासानें पदरांत घेतलें. १९२१ सालीं पहिल्या पांच विद्यार्थिनी ‘गृहीतागमा’ ही पदवी घेऊन बाहेर पडल्या. देणगीदार पैसा देतो; ह्या मुलींनीं तर आपलीं उमेदीचीं वर्षें दिलीं. संस्था टिकेल कीं नाहीं हें ठाऊक नसतां जो तिच्यांत नांव घालतो, तो तिचा सर्वांत मोठा आश्रयदाता.

पैशाचें साहाय्यहि आलें, आणि तें भव्य आलें. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी ह्या मुंबईच्या गिरणीमालकांनीं जगप्रवासांत जपानचें महिला विद्यापीठ स्वतः पाहिलें होतें. १९२० सालीं त्यांनीं कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. तिच्या अटींत एक अट नांवाची होती. दाता आपलें नांव मागेल, असें कोणासहि वाटेल. सर विठ्ठलदासांनीं मागितलें तें आपल्या मातुःश्रींचें. तेव्हांपासून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांच्या नांवानें चालूं लागलें. विद्वत्तेमुळें, अधिकारामुळें किंवा पदवीमुळें विद्यापीठांना नांवें मिळतात. येथें तें मातृत्वामुळें मिळालें. घराचें शास्त्र शिकविणाऱ्या विद्यापीठास ह्याहून शोभणारें नांव शोधूनहि सांपडलें नसतें.

ह्यांत आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्यांनीं दारोदार हिंडून पै-पैसा जमविला त्या अण्णासाहेबांचें नांव विद्यापीठास नाहीं. संस्था जगली म्हणजे झालें, पाटीवर कोणाचेंहि नांव असो, ही त्यांची वृत्ति. लोकांनीं मात्र त्यांचें नांव रस्त्यांना दिलें, हिंगण्याच्या परिसरास दिलें. आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, राष्ट्रानें त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण केली.

सर विठ्ठलदास १९२२ सालींच निवर्तले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी ह्यांनीं तें नातें केवळ पैशापुरतें ठेवलें नाहीं. १९५१ सालीं विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाल्यावर कुलगुरुपदाची धुरा त्यांनींच वाहिली. पुढें १९६४ सालीं जुहू येथें निघालेल्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयास सर विठ्ठलदासांचें नांव देण्यांत आलें. आईचें नांव विद्यापीठास आणि मुलाचें नांव गृहविज्ञानाच्या महाविद्यालयास, असा हा योग आहे.

सन्मानाचे प्रकार असे अनेक. इमारतीस नांव देणें हा एक. दुसरा प्रकार स्थायी निधीचा: मुद्दल अबाधित ठेवावयाचें आणि व्याजांतून शिष्यवृत्ति किंवा पदक द्यावयाचें. एक लक्ष रुपयांवर शेंकडा सहा व्याज धरलें, तर दरसाल सहा हजार रुपये एखाद्या गरीब मुलीच्या हातीं पडतात, आणि दात्याचें नांव दरसाल एका नव्या तोंडीं येतें. दगडी पाटीपेक्षां हें स्मारक अधिक जिवंत. मात्र महागाई वाढते तसें व्याज अपुरें पडतें. म्हणून निधींत मधूनमधून भर घालणें हेंहि माजी विद्यार्थिनींचें काम ठरतें. तिसरा प्रकार कार्यगौरवाचा: रुग्णालयांतील आहारतज्ज्ञ, बालवाडीच्या संचालिका, वस्त्रोद्योगांतील संशोधक अशांना बोलावून त्यांचा सत्कार करणें आणि त्यांचा अनुभव नव्या मुलींस ऐकविणें.

हे तिन्ही प्रकार योग्यच आहेत. परंतु त्यांतून एक मोठा वर्ग सुटतो. गृहविज्ञान शिकून जिनें नोकरी केली नाहीं, अशी माजी विद्यार्थिनी सत्काराच्या यादींत क्वचितच येते. तिनें वाढत्या मुलांच्या ताटांत डाळ व पालेभाजी कमी पडूं दिली नाहीं. मधुमेही सासऱ्यांचें पथ्य वर्षानुवर्षें सांभाळलें. तुटपुंज्या मिळकतींतून शिल्लक टाकली. शेजारणीच्या अशक्त बाळाला काय द्यावें तें सांगितलें. ह्या कामाची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं. असा आक्षेप निघेल कीं, जें मोजतां येत नाहीं त्याचा गौरव करावा कसा? पण घरांतील काम मोजतां येतें, त्याला नियम लावतां येतात आणि तें मोलाचें आहे, हाच तर ह्या शास्त्राचा मूळ सिद्धान्त. तो वर्गांत शिकवावयाचा आणि व्यासपीठावर विसरावयाचा, हें संस्थेस शोभत नाहीं.

उपाय फार खर्चाचा नाहीं. माजी विद्यार्थिनींस वर्षांतून एक पत्र जावें: शिकलेल्यांतील काय उपयोगी पडलें, काय फोल ठरलें, घरांत कोणती नवी अडचण उभी राहिली, हें त्यांनीं कळवावें. त्या उत्तरांतून अभ्यासक्रम सुधारावा आणि उत्तर देणारीचें नांव आदरानें छापावें. कॉर्नेलच्या विभागाची वाढ अशाच पत्रांतून झाली होती. नाथीबाईंचें नांव ज्या विद्यापीठानें आपल्या माथ्यावर धारण केलें आहे, त्याच्या मुलींस तर हें निराळें सांगावयास नको. विद्यापीठाच्या दारावर आईचें नांव कोरलेलें असतां, आंत भरणाऱ्या समारंभांत एक खुर्ची गृहिणीसाठीं राखलेली असावी, एवढीच अपेक्षा.