उष्णतेची वाट

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने पूर्वेस निघाले, म्हणजे साधारण १८ ते २० किलोमीटरांवर लोणी काळभोर हे गाव लागते. गावाच्या उत्तरेस मुळा-मुठा नदी वाहते. महामार्गावरून मालमोटारी आणि इंधनाचे टँकर रात्रंदिवस धावत असतात. चैत्र-वैशाखात येथे पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि घराघरांत धूळ शिरते.

अशा गावातील एका घराची कल्पना करावी. घरात नवा संगणक आला. थोरल्या मुलीचा अभ्यास आणि वडिलांचा उसाचा हिशेब त्याच्यावरच होऊ लागला. एवढ्या मोलाच्या वस्तूस धूळ लागू नये, म्हणून सुताराकडून खास मेज करवून घेण्यात आले. खालच्या कप्प्यात संगणकाची पेटी, पाठीस फळी आणि पुढे घट्ट बसणारे दार! हिवाळा सुखाने गेला. एप्रिलमधील एका दुपारी मात्र, मुलगी तीन तास खपून लिहीत असलेला प्रकल्प जतन होण्यापूर्वीच पडदा एकाएकी काळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच घडले. यंत्र बिघडले, असे सर्वांस वाटले. वस्तुतः यंत्र बिघडलेले नव्हते. ते आपल्याच उष्णतेने गुदमरत होते.

संगणक जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच ऊर्जा तो अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. काम करताना तो २०० वॅट वीज घेत असेल, तर १०० वॅटचे दोन जुने दिवे कप्प्यात पेटते ठेवून दार लावून घेतल्यासारखेच होते. पाव घनमीटरच्या कप्प्यात हवा असते जेमतेम ३०० ग्रॅम. सारी उष्णता त्या हवेतच राहिली, तर ती एका मिनिटात सुमारे ४० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता यंत्राचे भाग आणि लाकूड शोषून घेतात. त्यामुळे तापण्यास अधिक वेळ लागतो. परंतु लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक आहे. ते उष्णता चटकन बाहेर जाऊ देत नाही.

संगणकाच्या पेटीत पंखे असतात, मग ते काय करतात? संगणकातील मुख्य काम प्रोसेसर नावाची लहानशी चिप करते. तिच्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो. चिपची उष्णता पात्यांत पसरते आणि पंख्याचा वारा ती पुढे वाहून नेतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पंखा हवा थंड करीत नाही, तो ती केवळ हलवतो. बंद कप्प्यात तीच तापलेली हवा पुनःपुन्हा चिपवर येते. चिपचे तापमान १०० अंशांच्या जवळ पोहोचले, की बहुतेक प्रोसेसर प्रथम आपले काम मंद करतात. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक स्वतःच बंद होतो. हे बंद पडणे म्हणजे यंत्राचे आत्मरक्षण होय.

यावरचा उपाय पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवा नाही. काढलेला कांदाही जिवंत असतो. तो श्वसन करतो, तेव्हा त्यातून उष्णता व ओलावा बाहेर पडतो. बंद खोलीत त्याची रास घातली, तर तो सडतो. म्हणून कांद्याची चाळ जमिनीपासून उंच बांधतात आणि तळाशी व बाजूंना फटी ठेवतात. खालून गार हवा येते, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि निघून जाते. वरच्या छपरामुळे ऊनपावसापासून रक्षण होते, पण वारा अडत नाही.

संगणकाच्या कप्प्यासही हाच न्याय लागू पडतो. पाठीची फळी काढावी, किंवा तीत खाली एक व वर एक अशी रुंद भोके पाडावीत. पेटी भिंतीस व बाजूंस चिकटवू नये. काम चालू असताना दार उघडे ठेवावे. २०० वॅटच्या उष्णतेने हवा १० अंशांहून अधिक तापू नये, असे वाटत असेल, तर दर सेकंदास सुमारे १७ लिटर, म्हणजे मोठी बादलीभर हवा कप्प्यातून गेली पाहिजे. एवढी हवा आपोआप खेळत नसेल, तर वरच्या भोकाशी हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवावा. धुळीसाठी खालच्या भोकास जाळी लावावी आणि ती वरचेवर झाडावी. ओले फडके किंवा बर्फ मात्र यंत्राजवळ कधीही ठेवू नये. पाणी व वीज यांचे वैर असते.

मोठ्या यंत्रांनाही हा नियम चुकत नाही. प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. त्याची उष्णता इतकी, की ती वाहून नेण्यासाठी चिपांच्या निकट द्रव खेळवावा लागतो. वाहक बदलला, तरी काम तेच राहिले.

लोणीतील त्या घरी अखेर सुतारास पुन्हा बोलावण्यात आले. त्याने पाठीची फळी काढली, पुढे खाली जाळी ठोकली. मे महिन्याचे ऊन तसेच होते, धूळही तशीच होती. मुलीचा प्रकल्प मात्र या वेळी पुरा झाला. वस्तू जपावयाची, तर तिला नुसते झाकून भागत नाही. तिला काय हवे असते, तेही जाणून घ्यावे लागते.