खापराला जागा कुठे ठेवलीत?

खान्देशात पुरणपोळी खापरावरची. चुलीवर मातीचं मोठं खापर उपडं घालायचं आणि दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवलेली पोळी त्यावर अलगद पसरायची. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या नव्या कॉलन्यांमधल्या बंगल्यांत आज काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, वर चिमणी आणि खाली सरकते ड्रॉवर दिसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र त्याच घरातली सासू मागच्या दारी चूल मांडते. या दोन्ही गोष्टी एकाच नकाशात बसवणं हे इथल्या इंटिरियर डिझायनरचं काम. ज्याने मोबाइलवर मुंबई-पुण्याच्या घरांचे फोटो दाखवले, पण खापर कुठे ठेवता, कुरडया-पापड कुठे वाळवता, लग्नसराईत पंधरा पाहुणे कुठे झोपतात हे विचारलंच नाही, त्याला चहा मिळतो, काम मिळत नाही.

तालुक्याच्या गावात या धंद्यात उतरणाऱ्याने एक गोष्ट आधीच ओळखावी: आपण रिकाम्या मैदानात येत नाही. घर आतून कसं असावं हे इथे गवंडी, सुतार, प्लायवूडचा दुकानदार आणि घरातली कर्ती बाई यांनी आजवर आपसांत ठरवलेलं आहे. पाचवा माणूस कशाला हवा, आणि त्याला पैसे का द्यायचे? निव्वळ सौंदर्यदृष्टीसाठी इथे कोणी खिसा सैल करत नाही. मोजून काढलेलं ड्रॉइंग, त्यावरून बांधलेला खर्चाचा अंदाज, आणि इलेक्ट्रिशियनने सुताराकडे, सुताराने फरशीवाल्याकडे बोट दाखवलं की मध्ये उभं राहणारा माणूस, एवढ्यासाठी लोक पैसे देतात. माझ्या मते तेवढ्यावर नीट व्यवसाय उभा राहतो.

म्हणून पहिली विद्या मापाची. सुतार मिलिमीटरमध्ये बोलत नाही, तो सुतात बोलतो. एका इंचात आठ सूत. संगणकावर काढलेलं कपाट भिंतीत दोन सूत जास्त निघालं, की त्याच्या नजरेतून डिझायनर उतरला. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फूट. शटर आणि साइड अशा मापांत आखायचे, की तावाचे तुकडे कमीत कमी वाया जावेत. मोरीजवळच्या किंवा सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय लागतो. बाकी कोरड्या ठिकाणी आयएस ३०३ चा भागतो. सनमायका शटरच्या एकाच बाजूला चिकटवला तर शटर वाकतं, म्हणून आतल्या बाजूलाही पातळ लॅमिनेट हवं. खर्च वाचवण्यासाठी नेमकं तेच गाळलं जातं आणि पुढे दारं लागेनाशी होतात. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच धरतात, पण खरं माप म्हणजे त्या घरात रांधणाऱ्या बाईचं कोपर. त्याच्या चारेक इंच खाली ओटा आला की पाठ दुखत नाही. हे माप घ्यायला तिच्याशी बोलावं लागतं, नुसतं तिच्या नवऱ्याशी बोलून चालत नाही.

बंगईचं असंच. दिवाणखान्यात झोपाळा नाही असं खान्देशातलं हौशी घर विरळाच. पण तिच्या कड्या स्लॅब टाकतानाच आतल्या सळईत अडकवून घ्याव्या लागतात. पीओपीचं छत झाल्यावर बंगईची आठवण होणारी घरंही पुष्कळ!

आणि ऊन. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जुन्या धाब्याच्या घरांनी यावर उत्तर शोधलेलं होतं: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी पाटईवर मातीचा थर, लहान खिडक्या, भिंतीतच कोनाडे आणि देवळ्या. ते घर आज कोणी बांधणार नाही, बांधावं असा आग्रहही नाही. पण पश्चिमेच्या भिंतीला लागून भिंतभर कपाटं घेतली तर ती भिंत खोलीत कमी तापते, आणि टीव्ही तिथे लावला तर सगळं कुटुंब संध्याकाळभर भट्टीकडे तोंड करून बसतं, एवढं तरी त्या घरांकडून शिकता येईल. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. दमट झालेली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता चिकचिकाट होतो. एसीच्या घरासाठी काढलेल्या बंद काचांच्या खिडक्या इथे उचलून आणणं म्हणजे कूलरचं काम बिघडवणं. कूलरची खिडकी, पाण्याची नळी आणि निचरा हे नकाशावर पहिल्या दिवशी हवेत.

शिक्षणाचे रस्ते बरेच आहेत. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा गांभीर्याने दिल्या तर हात बसतो. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात (स्थापना १८५७) अंतर्गत सजावटीचा पदवी अभ्यासक्रम आहे. तंत्रशिक्षण मंडळाची पदविका आहे, आयटीआयमध्ये इंटिरियरचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. खाजगी संस्थांचे सहा महिन्यांचे वर्ग तर गल्लोगल्ली. तिथे थ्रीडी चित्रं शिकवतात. प्लायला स्क्रू कुठे मारायचा ते शिकवत नाहीत. म्हणून कुठलाही अभ्यासक्रम करा, त्यानंतर वर्ष-दीड वर्ष जळगाव, नाशिक किंवा पुण्याच्या एखाद्या कार्यालयात, आणि त्यातही टेबलापेक्षा साइटवर काढलेलं बरं. मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर असल्यामुळे पाचोऱ्याच्या मुलामुलींना जळगावचं अप-डाऊन नवं नाही. तिथल्या सुवर्णपेढ्यांच्या शोरूम बघाव्यात: कुठला पिवळा दिवा सोनं उजळवतो आणि कुठला त्याला पितळेची कळा आणतो, हे पुस्तकातून कळत नाही. उलट दिशेच्या चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश फिरवून हा छायाचित्रकार अख्खे देखावे उभे करी. घराबाहेर क्वचितच पडलेल्या माणसाकडून घराच्या आतल्या उजेडाबद्दल शिकायला मिळावं, हे बरोबरच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीशिवाय लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरला तसं बंधन नाही. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्सचं सभासदत्वही ऐच्छिक आहे. म्हणजे कार्ड कोणीही छापू शकतो. या मोकळीकीचा तोटा असा, की भिंत पाडायलाही लोक डिझायनरलाच विचारतात. तिथे ‘हो’ म्हणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरचा सल्ला लेखी घ्यावा, विशेषतः जुन्या घरात.

पैशाचं गणित कापसावर चालतं. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, माल विकला की घराची कामं निघतात आणि सगळ्यांना ती आखाजीच्या किंवा लग्नाच्या आत संपवून हवी असतात. पावसाळ्यात हात रिकामे. त्यामुळे फी एकरकमी न मागता टप्प्यांत बांधावी: ड्रॉइंग दिल्यावर इतकी, सुतारकाम सुरू होताना इतकी, रंगाआधी इतकी. रंगानंतरचा हप्ता वसूल करणं फार अवघड, कारण तोवर वास्तुशांतीचं निमंत्रणही आलेलं असतं! काही जण फी नाममात्र घेतात आणि प्लायवूड, लॅमिनेट, दिवे यांच्या दुकानांतून कमिशन घेतात. धंद्यात ही चाल जुनी आहे. पण लहान गावात दुकानदार, सुतार आणि घरमालक एकमेकांच्या नात्यातले निघतात, गोष्ट आठवड्यात फुटते. फी सरळ सांगावी, दुकानाची सूट घरमालकाच्या बिलात दाखवावी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते, तोपर्यंत एक साधी वही पुरते. मात्र ती रोज लिहायला हवी.

पहिलं काम बहुधा घराचं नसतंच. मोबाइलचं दुकान, दातांचा दवाखाना, कटलरीचा गाळा अशी दहा बाय बाराची कामं आधी येतात. त्यांना कमी लेखू नये. तिथे रोज शंभर माणसं येतात आणि प्रत्येक जण वर छताकडे बघून ‘कोणी केलं?’ म्हणून विचारतो. काम संपताना मालकाला एक फाइल द्यावी: प्लास्टरआधी काढलेले वायरिंगचे फोटो, लॅमिनेटचे नंबर, रंगाच्या शेडचे कोड, नळाच्या लाइनचा नकाशा. चार-पाच वर्षांनी एखादं दार बदलायचं झालं की माणूस ती फाइल हरवून डिझायनरकडेच येतो, आणि बऱ्याचदा बरोबर भाच्याच्या नव्या प्लॉटचा नकाशाही घेऊन येतो.