आमच्या अंगणांतील दुधाळ झाडें

आमच्या राजारामपुरींतील घराच्या ओसरीपुढें पॉइन्सेटियाचें एक झाड आहे. चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षांत तें तांबड्या भडक पानांनीं असें डवरलें कीं, येणारा पाहुणा जोडे काढण्याआधीं त्याचीच चौकशी करी. पुढल्या वर्षीं मात्र एकही पान रंगेना. खत झालें, माती उकरून झाली; सासूबाईंनीं तर दृष्ट लागल्याचा निर्णयही देऊन टाकला. दोष अखेर निघाला तो ओसरीवर नव्यानें बसविलेल्या विजेच्या दिव्याचा!

हें झाड मूळचें मेक्सिको देशांतलें. अमेरिकेचे तेथील वकील जोएल पॉइन्सेट यांनीं १८२८ च्या सुमारास तें मायदेशीं पाठविलें, आणि त्यांचेंच नांव त्यास चिकटलें. रात्र सुमारें बारा तासांहून मोठी झाली म्हणजेच तें कळ्या धरतें. आपल्याकडे ही वेळ सप्टेंबरच्या अखेरीस येते, व तेथून पुढें कांहीं आठवडे त्यास रात्रभर अखंड अंधार लागतो. आम्हीं दिवा हलविला. त्याच वर्षीं डिसेंबरांत झाड पुन्हां लाल झालें.

लाल झालें म्हणजे फुललें, असें मात्र नव्हे. ज्यांस आपण पाकळ्या म्हणतों तीं खरें पाहतां रंगलेलीं पानेंच होत. मध्यभागीं ज्या बारीक हिरवट-पिवळ्या वाट्या दिसतात, त्या प्रत्येकींत एक स्त्रीपुष्प व त्याभोंवतीं एकेका केसराचीं अनेक पुंपुष्पें असतात. ही वाटी आणि देठ मोडतांच येणारा पांढरा चीक, या दोन्ही खुणा पटल्या कीं झाड युफोर्बियाच्या घराण्यांतलें समजावें. नुसत्या चिकावर विसंबूं नये. चीक रुईला आहे, चाफ्याला आहे, वडालाही आहे.

कांट्यांवरून नातें जुळविणें तर त्याहून फसवें. फड्या निवडुंग हा अमेरिकेंतून आलेला खरा कॅक्टस; त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे मात्र युफोर्बिया. फड्या कापला तर पाणचट रस येतो, त्रिधारी कापला तर दूध. आपल्या जिल्ह्यांतील वनस्पतींविषयीं अधिक जिज्ञासा असेल त्यांनीं शिवाजी विद्यापीठाचे डॉ. यादव व डॉ. सरदेसाई यांचा २००२ सालचा ग्रंथ अवश्य चाळावा. पांचगणीच्या नांवाचाही एक युफोर्बिया सह्याद्रींत आहे; पण तो दुर्मिळ कंद उपटून कुंडींत आणण्याचा मोह कोणीं धरूं नये.

ज्यांस रंगांची हौस आहे त्यांनीं कांटेरी मिली लावावी. ही मादागास्करची. तांबडी, गुलाबी, पिवळी, दुधी अशा अनेक रंगांची ती मिळते, व थायलंडांत तयार झालेल्या जातींचे झुबके विशेष मोठे असतात. तिचा शत्रु एकच, तो म्हणजे कोल्हापूरचा पाऊस. पंचगंगेकांठची काळी माती उंसाला अमृत असेल, पण तींत पाणी सांचून मिलीचीं मुळें कुजतात. तांबडी माती, भरड वाळू व विटांचे तुकडे एकत्र करून कुंडी भरावी, आणि आषाढ-श्रावणांत ती पागोळ्यांपासून दूर, छपराखालीं ठेवावी. फांदी लावावयाची ती फेब्रुवारी-मार्चांत. कापलेलें टोंक पाण्यांत बुडवून चीक थांबवावा, आठवडाभर सावलींत सुकूं द्यावें, मगच वाळूंत रोंवावें. आमच्याकडे ही सुकविण्याची उतावीळ झाली आणि पहिल्या सहा फांद्या वायां गेल्या.

आतां चिकाविषयीं. गेल्या उन्हाळ्यांत मामंजींनीं कुंपणाच्या शेराची फांदी मोडली, आणि त्याच हातानें चष्मा वर करून डोळा चोळला. घटकाभरांत डोळा सुजला, रात्रभर त्यांस असह्य आग झाली, व पुढें आठ दिवस त्या डोळ्यानें वर्तमानपत्रांतील अक्षर दिसेना. दृष्टि परत आली हें आमचें भाग्य. शेराच्या चिकानें बुबुळास कायमची इजाही होऊं शकते. असा प्रसंग आल्यास तूप, मध, गुलाबपाणी यांच्या मागें न लागतां वाहत्या स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा-वीस मिनिटें डोळा धुवावा व तडक नेत्रवैद्याकडे जावें. पॉइन्सेटियाचा चीक इतका जहाल नसला तरी रांगतें मूल घरांत असतां तोही त्याच्या हाताशीं नसावा.

शेराचें कुंपण मामंजींनीं स्वतः उभें राहून काढविलें. पॉइन्सेटिया राहिला आहे. चैत्रांत त्याच्या फांद्या गुडघाभर ठेवून छाटतों, श्रावणांत शेंडे खुडतों, गणपतींनंतर मात्र कात्री लावीत नाहीं. आणि मामंजी आतां चष्म्यासह हातमोजे घालूनच बागेंत उतरतात.