झाशीजवळचा पखवाज

झाशीपासून सुमारे 30 किलोमीटरवर दतिया आहे. 19व्या शतकात या संस्थानाचा आश्रय लाभलेले पखवाजवादक कुदऊसिंह यांच्या जोरकस बाजाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या परणांनी मदमस्त हत्ती शांत झाल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. त्याच शतकात इंदूरला नाना पानसे यांनी मृदू वळणाची शैली घडविली. जॅझवादक ठरलेल्या आवर्तनात उत्स्फूर्त रचना करतो. पखवाजियाही चौतालाच्या 12 मात्रांत परण गुंफत समेवर येतो. बोल वहीत उतरतात, हाताचे वजन मात्र उतरत नाही. ते समोर बसूनच कळते. श्रोते उरले, तरच ही विद्या टिकेल. धृपदाच्या पुढील मैफलीस रसिकांनी अवश्य जावे आणि शक्यतो पुढच्या रांगेत बसावे.