ड्रोनला चक्कर आणणारा सूर

दक्षिण कोरियातल्या ‘काइस्ट’ संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एका ड्रोनवर छोटा ब्लूटूथ स्पीकर बसवला आणि ड्रोन उडत असतानाच त्यातून एकच सूर वाजवला. थोड्याच वेळात ड्रोनचा तोल गेला आणि तो जमिनीवर आदळला. त्याच्या सॉफ्टवेअरला कुणी हातही लावला नव्हता.

फसला होता तो जायरोस्कोप. ड्रोन किती वेगाने कलतो, वळतो हे सांगणारी ही नखाएवढी चिप. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. चिप वळली की कोरिऑलिस बलामुळे तो तुकडा आडवा सरकतो आणि त्या सरकण्यावरून वळण्याचा वेग काढला जातो. पण या तुकड्याला स्वतःची नैसर्गिक वारंवारिता असते. नेमक्या तेवढ्याच वारंवारितेचा आवाज बाहेरून आला, की चिप जागची न हलताही तुकडा जोरात डोलू लागतो. ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर बिचारा हे आकडे खरे मानतो, न झालेलं कलणं सावरायला मोटारींना हुकूम सोडतो आणि ड्रोनला खरोखरच कलंडवतो.

काइस्टच्या चमूने तपासलेल्या १५ प्रकारच्या जायरोस्कोपपैकी ७ असे डोलले. काहींना डोलवणारा सूर आपल्याला ऐकू येणारा, सुमारे ८ किलोहर्ट्झचा होता, तर काहींचा कानांच्या पल्याडचा. अर्थात स्पीकर ड्रोनलाच बांधलेला होता, हे विसरून चालणार नाही. आवाज अंतराबरोबर झपाट्याने विरतो. १४० डेसिबलचा स्रोत असला तरी हल्ला जेमतेम ३७ मीटरपर्यंत पोहोचेल, असा त्यांचाच हिशोब होता. तेव्हा गच्चीवरून शिट्टी मारून ड्रोन पाडता येईल, ही कल्पना सोडून द्यावी.

बचाव मात्र वाटतो तितका सोपा नाही. एन्क्रिप्शनचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण खोटेपणा आकडा तयार होण्याआधीच घडलेला असतो. चिपभोवती फोम लावला तर आवाज दबतो, पण उष्णताही कोंडते आणि तापमान बदललं की जायरोस्कोपचं मापन सरकतं. एकाऐवजी तीन सेन्सर बसवावेत, तर तिन्ही एकाच बनावटीचे असल्यास तिघेही एकाच सुरावर एकदम फसतात.

मला सर्वांत आवडलेली युक्ती २०१७ मधली, मिशिगन विद्यापीठातली. तिथल्या संशोधकांचा रोख अॅक्सिलरोमीटरवर, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरवर होता. समजा, सेन्सर ५००० हर्ट्झला डोलतो आणि त्याचं वाचन सेकंदाला १००० वेळा होतं. मग प्रत्येक वाचन कंपनाच्या त्याच बिंदूवर पडतं आणि थरथरीऐवजी एक स्थिर, खोटा आकडा मिळतो. सिनेमात धावत्या गाडीचं चाक थांबलेलं दिसतं, तसंच हे. उपाय असा, की दोन वाचनं अर्ध्या कंपनाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या अंतराने घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. एक वाचन कंपनाच्या माथ्यावर पडलं तर दुसरं तळाशी पडतं आणि खोटा भाग आपसूक कटतो. ड्रोनचं खरं हलणं एवढ्या क्षणात फारसं बदलत नाही, त्यामुळे ते तसंच उरतं. वाचनाच्या वेळा मुद्दाम अनियमित ठेवल्या, तरी हल्लेखोराचं गणित बिघडतं.

अडचण एवढीच, की हल्लीच्या बहुतेक सेन्सरमध्ये वाचनाचं घड्याळ चिपच्या आतच असतं. ड्रोन बनवणाऱ्याचा हात तिथे पोहोचत नाही. बदल करायचा तर तो चिप घडवणाऱ्या कंपनीनेच करायला हवा. तोवर ड्रोनवाल्याच्या हाती उरतात ते फोम आणि वेगवेगळ्या बनावटीचे, एकमेकांवर पाळत ठेवणारे सेन्सर.