थंड वाटलं म्हणजे त्वचा शांत झाली का? घरच्या लेपात आराम देणारे घटक कसे वापरावेत

आजच्या भागाचा विषय उन्हाळ्याचा आहे, पण उपयोग बाराही महिने होईल.

आम्ही भिलाईकर. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. पुढे देशभरातून माणसं इथे नोकरीला आली, त्यात गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी कुटुंबंही होती. भट्टीची धग कारखान्याच्या कुंपणाआड राहते, पण मेमधली लू सगळ्यांच्या वाट्याला येते. नौतपा सुरू झाला की पारा 45 च्या आसपास जातो. घरोघरी घामोळं, उन्हानं लाल झालेली मान, हेल्मेटच्या पट्ट्याखाली सोललेली हनुवटी दिसू लागते. मग स्वयंपाकघरातले डबे उघडतात. कुणी बेसनात लिंबू पिळतं, कुणी खोबरेल तेलात कापूर घालतं, कुणी तांदळाचं पाणी बाटलीत भरून ठेवतं.

घरी करायला माझी ना नाही. पण लेप लावल्यावर थंड वाटलं, म्हणजे त्वचा शांत झालीच असं नाही. हा एक फरक नीट कळला, तर काय घालायचं आणि काय टाळायचं, हे बरंचसं आपोआप कळतं.

थंडावा वेगळा, आराम वेगळा

कापूर आणि पुदिन्यातलं मेंथॉल त्वचेतल्या नसांच्या टोकांवर काम करतात. तिथे गारवा ओळखणारी यंत्रणा असते. मेंथॉल तिला डिवचतं आणि मेंदूला निरोप जातो, ‘गार झालं’. प्रत्यक्षात त्वचेची सूज तशीच असते आणि फुटलेली जागा फुटलेलीच राहते. आधीच चिडलेल्या त्वचेला जास्त मेंथॉल किंवा कापूर उलट झोंबतो. लहान मुलांच्या बाबतीत तर कापूर दूरच ठेवा. तो पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

मग आराम म्हणजे काय? आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. पोलादाच्या भट्टीला आतून अग्निरोधक विटांचं अस्तर असतं. त्याचे सांधे उघडले तर धग बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचते. त्वचेचंही तसंच. ऊन, घाम, कडक साबण, घासणं यांनी सांधे उघडले की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. त्यातून लाली, खाज, आग. आराम देणारा खरा घटक हे सांधे भरून यायला मदत करतो किंवा आतली सूज थोडी उतरवतो. त्याचं काम हळू असतं. लावल्याबरोबर काही जाणवलं नाही, तर काळजी करू नका. झोंबतंय म्हणजे ‘काम करतंय’ ही समजूत मात्र आजच सोडून द्या.

ओळख करून घेऊ

ओट्स: बारीक दळलेल्या ओट्समधले बीटा-ग्लुकन त्वचेवर पातळ पडदा धरतात आणि त्यातले अव्हेनँथ्रामाइड्स खाज कमी करायला मदत करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये अशा ओट पिठाला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली.

पॅन्थेनॉल: त्वचेत गेल्यावर याचं ब-5 जीवनसत्त्व होतं. हे पाणी धरून ठेवतं आणि भिंत दुरुस्त व्हायला मदत करतं. प्रमाण 1 ते 5 टक्के.

अ‍ॅलँटॉइन: पांढरी, बिनवासाची पूड. खरखरीत, चिडलेली त्वचा मऊ करते. साध्या तापमानाच्या पाण्यात ही साधारण अर्धा टक्काच विरघळते. जास्त घातली तर थंड झाल्यावर खडे बनतात आणि लेप वाळूसारखा टोचतो.

बिसाबोलॉल: कॅमोमाइलच्या फुलातला घटक. तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तेलाच्या लेपात अर्धा टक्का पुरे.

मंडूकपर्णी: इथे नावाचा घोळ आहे. बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. त्वचेसाठी जिची चर्चा होते ती गोल पानांची मंडूकपर्णी. छोट्या, जाडसर पानांची ब्राह्मी वेगळी. दुकानात नुसतं ‘ब्राह्मी’ म्हणालात तर कुठली हातात पडेल, सांगता येत नाही.

ज्येष्ठमध: भिलाईत मागताना ‘मुलेठी’ म्हणा. यातला ग्लायसिरायझिन गटातला घटक सूज उतरवायला मदत करतो. पण घरी कुटलेली पूड खरखरीत असते, ती चोळली की फायद्यापेक्षा ओरखडे जास्त. वापरायचा तर तयार अर्क घ्या.

कोरफड: आतला पारदर्शक गर चांगला. पण साल आणि गर यांच्या मध्ये जो पिवळा चीक असतो, तो त्वचेला त्रास देतो. पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग गर काढून धुऊन घ्या.

उटण्यातलं शहाणपण

दिवाळीचं उटणं आठवा. ते वर्षभर डब्यात कसं टिकतं? कारण त्यात पाणीच नसतं. पाणी किंवा दूध आपण ऐन वेळी, लागेल तेवढ्याच उटण्यात घालतो आणि उरलेलं फेकतो. कोरड्या पुडीत जंतू वाढत नाहीत. आजच्या घरगुती बाटल्यांमध्ये नेमका हाच नियम मोडला जातो.

तांदळाचं पाणी, कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस या सगळ्यांत पाणी आहे आणि जंतूंचं खाद्यही आहे. छत्तीसगडमध्ये रात्रभर पाण्यात भिजलेल्या भाताची बासी सकाळी आवडीने खातात. पण ती सकाळी संपते, बाटलीत भरून आठवडाभर तोंडावर लावत नाहीत. उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात जंतूंना हवी तशी ऊब असते. वास येण्याच्या किंवा रंग बदलण्याच्या कितीतरी आधी बाटलीत लाखो जंतू झालेले असू शकतात. आणि ते आपण लावतो कुठे? सांधे उघडलेल्या त्वचेवर.

म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा. पाणी घातलेला आणि परिरक्षक नसलेला लेप तेव्हाच लावा, उरला तर टाका. फ्रिजमध्ये ठेवलात तरी दोन दिवसांपलीकडे नको. ‘ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली, आता टिकेल’ असं बरेच जण म्हणतात. ई जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं. जंतूंना ते अडवत नाही.

दोन कृती

पहिली कृती बिनपाण्याची. साधे, बिनसाखरेचे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळा. तपासायचं असं: एक चमचा पूड पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं झालं तर जमलं. पूड लगेच तळाशी बसली तर पुन्हा दळा. आंघोळीच्या शेवटी अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन-तीन चमचे घालून ते पाणी अंगावर हळूहळू ओता. गरम पाणी नको. नंतर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. फरशी निसरडी होते, घरात ज्येष्ठ असतील तर आधी सांगून ठेवा. उरलेली कोरडी पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दुसरी कृती 100 ग्रॅम हलक्या जेलची:

डिस्टिल्ड पाणी 92.2 ग्रॅम
ग्लिसरीन 4 ग्रॅम
पॅन्थेनॉल 2 ग्रॅम
फेनॉक्सीइथेनॉल आणि इथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं मिश्रण, म्हणजे परिरक्षक, 0.9 ग्रॅम
झँथन गम 0.6 ग्रॅम
अ‍ॅलँटॉइन 0.3 ग्रॅम

यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा हवा. चमच्याने मोजू नका. 0.3 आणि 0.9 मधला फरक चमच्याला कळत नाही. भांडी, चमचा आणि बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा.

पाणी उकळून थोडं निवू द्या. कोमटाहून जरा गरम असताना त्यात अ‍ॅलँटॉइन विरघळवा. वाफ होऊन पाणी कमी झालं असेल तर तितकं उकळलेलं पाणी घालून वजन पुरं करा. झँथन गम वेगळ्या वाटीत ग्लिसरीनमध्ये कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते पाण्यात घालून ढवळत राहा. मिश्रण हाताला कोमट लागेल इतकं निवलं, म्हणजे 40 अंशांखाली आलं, की पॅन्थेनॉल आणि शेवटी परिरक्षक घाला. पीएच पट्टीने तपासा, 5 ते 5.5 असावा. जास्त असेल तर सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घाला. बाटली पंपाची घ्या, बोट बुडवायची बरणी नको. वर तारीख लिहा आणि महिनाभरात संपवा.

यात वास नाही, रंग नाही, कुठलंही सुगंधी तेल नाही. हे मुद्दाम आहे. आराम देणाऱ्या लेपात काय घातलं, यापेक्षा काय घातलं नाही, यावर त्वचेचा आराम जास्त अवलंबून असतो. दोन टक्के पॅन्थेनॉलचं भलं काम लॅव्हेंडर तेलाचे दहा थेंब वाया घालवू शकतात.

आणखी एक. घामोळ्यावर जाड मलम, तूप किंवा तेल थापू नका. घामोळं होतं ते घामाच्या नळ्या बुजल्यामुळे. वरून तेलाचा थर दिला तर त्या आणखी बुजतात. तिथे सुती कपडे, पंखा, साधी आंघोळ आणि हलकं कॅलामाइन लोशन बरं. तेलाचा लेप हिवाळ्यातल्या भेगाळलेल्या टाचांसाठी राखून ठेवा.

हे मात्र नको

लिंबू: त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो, त्वचेचा 5 च्या जवळपास. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड आणि महिनोन्महिने राहणारे काळे डाग येऊ शकतात. नौतप्यात तर मुळीच नको.

खाण्याचा सोडा: तो उलट्या टोकाचा. त्वचेचं आम्लपण घालवतो आणि सांधे आणखी उघडतो.

बाळाच्या फुटलेल्या, खाजऱ्या त्वचेवर दूध, बेसन, ओट्स किंवा शेंगदाण्याचं तेल: तोंडाने खाल्लेलं अन्न शरीर ओळखीचं मानायला शिकतं, पण फुटलेल्या त्वचेतून शिरलेल्या अन्नाला ते शत्रू समजू शकतं. त्यातून पुढे त्याच अन्नाची अ‍ॅलर्जी होऊ शकते. बाळाला एक्झिमा असेल तर आधी डॉक्टर.

ओळखीच्या कुणी दिलेली ‘जादूची’ क्रीम घरच्या लेपात मिसळणं: दोन दिवसांत लाली गायब आणि चेहरा उजळ, असं झालं तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, केस येतात, पुरळ उठते आणि क्रीम सोडली की आग आधीपेक्षा जास्त होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे.

भाजलं असेल तर कुठलाच लेप नको. 20 मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. फोड मोठे असतील, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, तर थेट दवाखाना.

लावण्याआधी आणि विकण्याआधी

नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावा. दिवसातून दोनदा, सात दिवस. अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असं नाही, म्हणून एका रात्रीची चाचणी पुरेशी नाही. पू, ताप, डोळ्याभोवती सूज किंवा पसरत जाणारी लाली दिसली तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आपल्या मंडळांच्या मेळाव्यात, गणपतीच्या स्टॉलवर घरच्या क्रीम विकायला ठेवण्याची इच्छा अनेक भगिनींना होते. उमेद चांगली आहे. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तुमचा लेप तुमच्या त्वचेला चालला, शेजारणीच्या लेकराला चालेलच असं नाही. परवान्यामागचं कारण तेच आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. घरातल्या लेपांच्या बाटल्या बाहेर काढा. ज्यात पाणी आहे, परिरक्षक नाही आणि दोन दिवस उलटून गेलेत, त्या आजच रिकाम्या करा. नवीन काही बनवण्याच्या आधी त्वचेला मिळणारा हा पहिला आराम. भेटू पुढच्या भागात. तोवर भरपूर पाणी प्या आणि डोक्यावर दुपट्टा असू द्या.