दंतजुळणी सुधारणा, बालवयातील : उपकरणांचे उपद्रव

तोंड मिटल्यावर वरच्या व खालच्या दातांचा जो परस्परसंबंध येतो, त्यास दंतजुळणी म्हणतात. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९९ मध्ये सदोष जुळणीचे तीन वर्ग पाडले व तेच वर्गीकरण आजही वापरात आहे. दुधाचे व कायमचे दात एकाच वेळी तोंडात असतात, तो सु. ६ ते १२ वर्षांचा काळ मिश्रदंत काळ होय. या काळात तारा, पट्ट्या, ॲक्रिलिकच्या टाळूपट्ट्या इ. साधनांनी ही जुळणी सुधारता येते. वाढत्या जबड्यास वळण लावता येते, हा या उपचारांचा आधार असला, तरी काही उपद्रवांचे मूळही या वाढीतच असते.

दातांचे सरकणे : दाताचे मूळ व जबड्याचे हाड यांमध्ये तंतुमय बंध असतो. दातावर दाब दिला असता दाबाच्या बाजूचे हाड झिजते, तर विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवर प्रयोग करून ही क्रिया दाखविली. दाब अधिक झाल्यास बंधातील रक्तपुरवठा थांबतो, दाताचे सरकणे खोळंबते आणि मुळाचे टोकही झिजू शकते. म्हणून दाब सौम्य ठेवतात. तार आवळल्यावर काही तासांत सुरू होणारे दुखणे बहुधा दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व आठवड्याभरात ओसरते.

दंतवल्काची हानी : अम्लाने खरखरीत केलेल्या दंतवल्कास राळ घट्ट चिकटते, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखविले. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसविण्याऐवजी लहान पकडी थेट दातावर चिकटविता येऊ लागल्या. मात्र या पकडींभोवती अन्नकण व जंतूंचा थर साचतो. जंतू साखरेपासून अम्ल तयार करतात व त्यामुळे दंतवल्कातील खनिजे विरघळतात. स्वच्छता न राखल्यास सु. चार आठवड्यांतच खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. नुकत्याच उगवलेल्या दाताचे दंतवल्क पुरते पक्व झालेले नसल्याने मुलांत हा धोका अधिक असतो. उपकरण काढल्यावर डाग काही अंशी फिकट होतात, पण पुष्कळदा कायम राहतात. म्हणजे दात सरळ होतो, पण डागाळलेला राहतो. फ्ल्युओराइडयुक्त मंजनाने नियमित दात घासण्याची सवय मुलास लागल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत. ऊस, चिक्की, कडक लाडू यांसारख्या पदार्थांनी पकडी निखळतात. तेही टाळावे लागतात.

काढघाल करता येणारी उपकरणे : विल्यम क्लार्क या स्कॉटिश दंतवैद्यांनी १९७७ मध्ये तयार केलेले जुळे ठोकळे हे यांपैकी एक होय. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांत ते वापरतात. पहिले काही दिवस लाळ अधिक सुटते व उच्चार बोबडे होतात. हा त्रास सवयीने जातो. खरी अडचण वापराची असते. मूल शाळेत उपकरण काढून ठेवते, कधी ते हरवते किंवा मोडते. तोंडात नसलेले उपकरण काम करीत नाही व उपचार लांबतात.

टाळू रुंदावणारी उपकरणे : अरुंद वरचा जबडा रुंदावण्यासाठी बसविलेला मळसूत्री खिळा घरी किल्लीने फिरवावा लागतो, एका पाव फेऱ्याने सामान्यतः ०·२५ मिमी. रुंदी वाढते. टाळूच्या मध्यावरील सांधा उघडला की, पुढच्या दातांत फट पडते. ही फट यशाची खूण असून ती पुढे बहुधा आपोआप मिटते. परंतु पूर्वकल्पना न दिल्यास पालक घाबरून खिळा फिरविणे थांबवितात. अपेक्षित रुंदी साधल्यावरही सांध्यात नवे हाड भरेपर्यंत उपकरण काही महिने तसेच ठेवावे लागते. अन्यथा जबडा पुन्हा आकसतो.

अकाली उपचार : सु. ७ ते ११ वर्षे या वयात वरच्या पुढील दातांत फटी असणे पुष्कळदा नैसर्गिक असते. दंतवैद्यकात तिला ‘कुरूप बदकपिल्लू’ अवस्था म्हणतात. हाडात दडलेला सुळा शेजारच्या दाताच्या मुळास टेकलेला असतो व तो खाली आल्यावर फटी बहुधा मिटतात. त्यापूर्वी तारेने फट मिटविल्यास ते मूळ सुळ्यावर दाबले जाऊन झिजण्याचा संभव असतो. म्हणून आधी क्ष-किरण चित्र काढून सुळ्याची जागा पाहणे आवश्यक असते.

निर्णय : खालचा जबडा एका बाजूस सरकविणारी उलटी जुळणी, हिरडीस इजा करणारा उलटा दात, मागे राहिलेला वरचा जबडा अशा दोषांत लवकर केलेला उपचार हितकारक ठरतो. पुढे आलेल्या वरच्या दातांबाबत मात्र तुलनात्मक चाचण्यांत असे आढळले की, लवकर उपचार केल्याने दात आदळून होणाऱ्या इजा कमी होतात. एरवी अंतिम जुळणी किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारांइतकीच असते. सारांश, सातव्या वर्षाच्या सुमारास तपासणी करणे इष्ट असले, तरी तपासणी म्हणजे उपचार नव्हे. कित्येक मुलांत काही काळ केवळ लक्ष ठेवणे हाच योग्य निर्णय असतो.